मुंबईला विचारून सांगते

"ताई, पाव किलोचं पाकीट घरपोच मिळेल का? आणि खारे आहेत की साधे?"

माझ्या जाहिरातीला आलेला हा पहिला फोन. जाहिरात होती काजू फोडायच्या मशिनची. ते मशीन टेम्पोत चढवायला चार धडधाकट माणसं लागतात. मी त्या गृहस्थांना नम्रपणे सांगितलं, की आमच्याकडे काजू नाहीत, काजू फोडायचं मशीन आहे. ते म्हणाले, "असू दे, असू दे. मग काजू कुणाकडे मिळतील?"

दिवसभर फोन वाजत राहिला. एका बाईंना त्यांची काजूकतली चिकट का होते ते विचारायचं होतं. मला माहीत होतं, म्हणून सांगितलं. एका तरुणाला लग्नात वाटायला सुक्या मेव्याचे डबे हवे होते, वर जावयाचं नाव छापून. एकाने नुसतंच "छान" असं लिहून हात जोडले. संध्याकाळी रेश्माचा फोन आला.

"काकू, कितीजणांनी विचारलं?"

"पुष्कळ! हात दुखला फोन धरून."

"त्यातले काजूचे कारखानदार किती?"

मी विषय बदलला आणि तिला काजूकतलीची कृती सांगितली.

याला फार वर्षं झालेली नाहीत. मी तेव्हा साठी ओलांडलेली अल्लड पोर होते. नवा चष्मा, नवा मोबाईल आणि ऑनलाइन जाहिराती शिकवणाऱ्या एका वर्गाचं प्रमाणपत्र मिळालेलं. ते मी फ्रेम करून देवघराशेजारी टांगलं होतं. माझी नात म्हणाली, "आजी, याला जास्वंद वाहतेस का रोज?" वाहत नव्हते, पण मनातून तसंच काहीसं होतं.

त्याआधीचं आयुष्य मी आंब्याची खोकी विकण्यात घालवलं. म्हणजे पुठ्ठ्याची खोकी, ज्यात आंबा बसून मुंबईला जातो, ती. रत्नागिरीतल्या एका खोक्यांच्या कारखान्यात मी विक्रीला होते. नोकरीच्या पहिल्याच मोसमात मालकांनी माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा दिला, "गिऱ्हाइकांत वाटा" म्हणाले. मी केसांत अबोलीचा गजरा माळून एसटी स्टँडवर उभी राहिले आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला पत्रक दिलं. शाळेच्या पोरांना दिलं, कंडक्टरला दिलं, बांगड्या विकणाऱ्या मावशींना दिलं. दुपारी त्याच पत्रकात बांधलेला वडा मी स्वतः विकत घेऊन खाल्ला. तरी संध्याकाळी मालकांना छाती पुढे काढून सांगितलं, "सगळी संपली!"

चाळीसेक वर्षांनी मोबाईलवर मी पुन्हा तेच केलं. या वेळी गजरा नव्हता एवढाच फरक.

बाहेरच्यांना हे काम समजावून सांगायचं तर असं. साबण विकायचा असेल तर अंघोळ करणारा प्रत्येक माणूस तुमचं गिऱ्हाईक. जाहिरात कुणालाही दिसली तरी चालते. पण एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला वस्तू विकायची म्हटली, की गोष्ट बदलते. बर्फाच्या कारखान्याला लागणारे साचे, मासेवाल्यांना लागणारे थंड पेटारे, काजूवाल्यांना लागणारं मशीन, यांचं गिऱ्हाईक अख्ख्या जिल्ह्यात मोजकं. ती माणसंसुद्धा मोबाईलवर इतरांसारखीच असतात. नातवंडांचे फोटो बघतात, क्रिकेट बघतात, भांडणं वाचतात. त्या गर्दीतून नेमकी तीच माणसं वेचून फक्त त्यांच्यापुढे आपली जाहिरात न्यायची, हे माझं काम. याला टार्गेटिंग म्हणतात. वर्गात शिकवलं होतं, की मोबाईलवर जाहिराती दाखवणाऱ्या यंत्राला गाव सांगा, वय सांगा, आवड सांगा, हुद्दा सांगा, बाकी ते बघून घेतं.

मी आवड सांगितली होती 'काजू'. यंत्राने बिचाऱ्याने इमानेइतबारे काजूची आवड असलेली माणसं गोळा करून आणली.

आता रेश्माबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. रेश्मा शिवगण. तिच्या वडिलांची एमआयडीसीत पत्र्याची शेड आहे. वडिलांना सगळे दादा म्हणतात, तीसुद्धा. दादांनी उभं आयुष्य काजू फोडायची मशिनं बनवली आणि मोटारसायकलवर फिरून विकली. त्यांचे गुडघे गेले, फिरणं थांबलं आणि विक्रीही थांबली. बाहेरून चकचकीत मशिनं यायला लागली होती. रेश्मा पुण्याची नोकरी सोडून परत आली आणि तिने नवं मशीन बनवलं. काजू बी उकडून मशिनमध्ये घातली, की पातं टरफल कापतं आणि आतला गर अख्खा बाहेर येतो. गर अख्खा राहणं हेच सगळं. तुकडा झाला की भाव पडला. शिवाय टरफलातला चीक असा जहाल, की हाताने फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, सालं निघतात. रेश्माच्या मशिनचं पातं घरच्या बाईलाही बदलता येईल असं होतं. तिने अशी चार मशिनं बनवली आणि ती शेडमध्ये प्लास्टिक पांघरून उभी राहिली.

दादा हट्टी माणूस. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर तो फरशीवाला शेड मागतोय गोदामाला, त्याला देऊन टाकतो. तू जा परत पुण्याला. पोरीने लोखंडात आयुष्य घालवावं असं मला कधीच वाटलं नव्हतं."

"आणि दिवाळीपर्यंत चारही गेली तर?" रेश्मा म्हणाली.

"तर शेड तुझी."

एवढा साधा करार. मी दादांना खोक्यांच्या दिवसांपासून ओळखत होते, म्हणून रेश्मा माझ्याकडे आली. मी म्हटलं, "दिवाळी कशाला, नारळी पौर्णिमेलाच उडवू चारही!" प्रमाणपत्र भिंतीवर होतंच.

काजूकतलीच्या फोनांनंतर मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. आवड काढून टाकली आणि यंत्राला हुद्दा सांगितला, 'कारखान्याचा मालक', 'खरेदी विभाग'. यंत्राने एक भोपळा आणून दिला. मग मी आमच्या भागातल्या काजूवाल्यांची नावं आठवून एकेकाचं पान उघडून बघितलं. एकाने कामाच्या जागी लिहिलं होतं 'राजा'. दुसऱ्याने 'आईचा लाडका'. तिसऱ्याने लिहिलं होतं, की तो एका परदेशी मोटार कंपनीचा सर्वेसर्वा आहे. तो मला चांगला माहीत आहे, लांज्याच्या पुढे त्याचा शेणाने सारवलेला मांडव आहे. आमच्याकडे स्वतःच्या धंद्याबद्दल कुणी खरं लिहीत नाही. दृष्ट लागते.

म्हणून मी वाट बदलली. माणसाने स्वतःला काय म्हटलंय ते सोडून दिलं आणि तो काय करतो ते पकडलं. रेश्माला सांगितलं, मशिनचा असा व्हिडिओ काढ की काजू खाणाऱ्याला कंटाळा यावा आणि काजू फोडणाऱ्याला नजर हलवता येऊ नये. तिने तसाच काढला. गाणं नाही, हसरे चेहरे नाहीत. नुसतं पातं, बी, टरफल, गर. पुन्हा पातं, बी, टरफल, गर. माझ्या नातीने दोन घास खाईपर्यंत बघितला आणि म्हणाली, "आजी, हे कोण बघणार?" मी म्हटलं, "तू नाही बघितलास ना? मग बरोबर जमलाय."

हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारे जे कोणी होते, त्यांनाच पुढची जाहिरात दाखवायला मी यंत्राला सांगितलं. पुढच्या जाहिरातीत एक फॉर्म ठेवला, त्यात एकच प्रश्न: तुमच्याकडे काजू बी उकडून फोडता की भाजून? काजू खाणाऱ्याला या प्रश्नाचा अर्थच लागत नाही, तो निघून जातो. ज्याच्या अंगणात बॉयलर आहे तोच उत्तर देतो. चौकशा एकदम कमी झाल्या. पूर्वीची मी असते तर रडले असते, पण आता येणारा प्रत्येक फोन काजूवाल्याचा होता.

काजूवाल्याचा म्हणण्यापेक्षा काजूवालीचा.

फोन बायकांचे यायचे. दापोलीकडून, संगमेश्वराकडून, राजापूरकडून. प्रश्न नेमके असायचे. पातं किती दिवस टिकतं? लाईट गेली तर हाताने चालतं काय? चीक अंगावर उडतो काय? रेश्मा सगळं सांगायची. आणि शेवटी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलायची.

"मुंबईला विचारून सांगते."

आणि सांगायची नाही.

मी हे वाक्य म्हणजे नकार समजले. खोकी विकताना अशी वाक्यं मी भरपूर ऐकली होती. घरी विचारते, बघू नंतर, पुढच्या मोसमाला या. आमच्या धंद्यात अशा चौकशीला कच्ची चौकशी म्हणतात आणि पुढल्या वेळी त्या माणसांवर जाहिरातीचा खर्च करत नाहीत. मी एकेक नाव काढून टाकत गेले. राजापूरच्या एका बाईंनी तीनदा फोन केला होता, त्यांचंही नाव काढलं. त्यांनी पुढे बाहेरचं मशीन घेतलं. त्यातून निम्मा तुकडाच पडतो असं नंतर ऐकलं. त्या बाईंबद्दल मला अजून हळहळ वाटते.

नारळी पौर्णिमा झाली. चारही मशिनं प्लास्टिकखालीच. फरशीवाला शेडची लांबी-रुंदी मोजून गेला. रेश्मा त्या वेळी वेल्डिंग करत होती. तिने काच डोळ्यांवरून काढलीसुद्धा नाही.

"काकू," ती मला म्हणाली, "तुमचं यंत्र काय म्हणतं ते पुरे झालं. एका बाईला प्रत्यक्ष जाऊन भेटू या. जिने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले तिला."

ती होती मंडणगड तालुक्यातली सुनंदा मांडवकर. आम्ही टेम्पो काढला. डोंगरातलं गाव, उतरत्या कौलांचं घर, बाजूला काजूची शेड. आत पाच-सहा बायका बसून हात-कटरवर बी फोडत होत्या, चीक लागू नये म्हणून बोटांना राख फासलेली. सुनंदावहिनी माझ्या लेकीच्या वयाची. तिने आधी चहा दिला, मग भाकरीचा आग्रह केला आणि मग रेश्माच्या मोबाईलवर तो कंटाळवाणा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितला.

मी विचारलं, "वहिनी, मग अडलंय कुठे? हे मुंबईला विचारायचं म्हणजे काय, नको असेल तर सरळ नको म्हणा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नको कशाला म्हणू? मला हवाच हाय. पण शेड थोरल्या भाऊजींच्या नावावर, ते डोंबिवलीला. बॉयलर आमच्या ह्यांनी घेतलेला, ते विरारला. मीटर धाकट्याच्या नावावर, तो नालासोपाऱ्याला. मी नुसती चालवतंय. मग विचारायला नको?"

"मग विचारलंत?"

"विचारलं ना. फोनवर सांगितलं, मशीन हाय, चांगला हाय. भाऊजी म्हणाले, गावात येऊ तेव्हा बघू."

मी म्हटलं, "बरं. मी आता गणपतीपर्यंत जाहिरात ठेवते. मग सणात बंद करते. सणासुदीला कोण मशिनं बघतंय!"

सुनंदावहिनी हसायला लागली. तिचं बघून बाकीच्या बायकाही हसल्या, राखेचे हात तोंडाशी नेऊन. "ओ काकू, तुम्ही रत्नागिरीच्याच ना? अवो, गणपतीतच तर सगळे घरात असतात! आमच्याकडे कौलं बदलायची, विहीर उपसायची, पोरीचं लग्न, काय पण असू दे, आरती झाली की ओटीवर बसून तेव्हाच ठरतं. एकदा का गाडी मुंबईला गेली, की मग शिमग्यापर्यंत सगळं बंद."

परतीच्या रस्त्यावर मी मनातल्या मनात स्वतःचेच कान उपटत होते. जन्म रत्नागिरीत गेला. माझे दीर, भाचे, पुतणे सगळे गणपतीला येतात, ओटीवर बसून माझ्याच न्हाणीघराचा नळ कुठे हवा ते ठरवतात. तरी मी जाहिरात लावताना विलायती पुस्तकातलं वाचून सणात सुट्टी द्यायला निघाले होते. ज्याला मोठ्या कंपन्या संचालक मंडळाची सभा म्हणतात, ती आमच्याकडे वर्षातून एकदा भरते, मखरासमोर. आणि नेमकी तेव्हाच मी दुकान बंद करणार होते!

"रेश्मा," मी म्हटलं, "एक मशीन घ्यायला दोन माणसं लागतात. बाई वापरणार, मुंबईवाला हो म्हणणार आणि आपण त्यातल्या एकीलाच जाहिरात दाखवतोय."

"मग मुंबईवाल्याला काय दाखवायचं? पातं?"

"पात्याचं त्याला काय? तो तिकडे. त्याच्या मनात काय असेल?"

तिने जरा विचार केला. "मशीन बंद पडलं तर बायकामाणसं काय करणार, हे."

"झालं तर. तेच दाखवायचं."

नव्या जाहिरातीत आम्ही रेश्माला उभं केलं. अंगात कामाचा निळा शर्ट, हातात पाना, मागे टेम्पो. तिने सांगायचं एवढंच होतं: "तुम्ही मुंबईला असाल, तरी काळजी नको. घरचं मशीन बंद पडलं, तर मी स्वतः येते. मंडणगड असो की राजापूर."

दादांना कळलं तेव्हा शेडमध्ये स्फोट झाला.

"माझ्या पोरीचा चेहरा जगाला दाखवायचा नाही! मशिनचा दाखवा."

"दादा, मशीन कोण दुरुस्त करायला जाणार? तुमचे गुडघे?" मी विचारलं.

"तुम्ही मध्ये पडू नका, कुमुदताई. तुम्ही काजूकतलीवाल्यांना फोन करा."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. रेश्माने पाना खाली ठेवला. "दादा, तुम्ही मोटारसायकलवर फिरून मशिनं विकलीत, ती लोकांनी लोखंड बघून घेतली? बंद पडलं तर शिवगण येतो, हे माहीत होतं म्हणून घेतली. आता शिवगण मी आहे. चेहरा बघितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

दादा बाहेर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, "त्या शर्टाचं बटण तुटलंय. ते लावून घे आधी."

गणपतीच्या आदल्या दिवसापासून मी जाहिरात लावली. मुंबईत कोकणातला कोण हे यंत्राला ओळखायला लावण्याची खटपट सोडून दिली, कारण सगळी मुंबईच आता इकडे आलेली होती. ज्या ज्या पट्ट्यात काजूची शेड होती, तिथे तिथे नकाशावर लहान लहान वर्तुळं काढली, शहरं वगळली आणि सांगितलं, की या वर्तुळात आज जो मोबाईल आहे त्याला दाखव. वेळ संध्याकाळची निवडली, आरतीनंतरची. आणि काढून टाकलेल्या सगळ्या कच्च्या बायकांना मी स्वतः फोन केले. "तुम्हाला एक व्हिडिओ पाठवते, तो घरच्या ग्रुपवर टाका. बाकी काही करू नका." माझ्यापेक्षा चांगलं टार्गेटिंग त्या करणार होत्या. त्यांना नेमकं माहीत होतं कुणाला दाखवायचं ते.

सणाच्या पहिल्या दोन दिवसांतच दोन मशिनं ठरली. एक दापोलीच्या वाटेवरचं, एक संगमेश्वराकडचं. दोन्ही वेळा फोन मुंबईवाल्याचा, आणि मागून बायकांच्या सूचना.

गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी रेश्माचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. मी त्यांच्या घरी दर्शनाला गेले होते, दादा समोर पाटावर बसले होते.

"मी अनंत मांडवकर बोलतोय, सुनंदाचा मोठा दीर. तुमची जाहिरात बघितली. बंद पडलं तर येते म्हणताय."

"हो काका."

"आमचं एक जुनं मशीन होतं कोपऱ्यात, ते पोरांनी चालू करायला काढलं. परत जाताना सगळ्यांना काजूगर न्यायचेत. ते अडकलंय. ते तुमच्याकडचं नाय, बाहेरचं हाय. तरी येता काय?"

मागे कुणीतरी हसलं. परीक्षा आहे हे आम्हा तिघांनाही कळलं.

"येते," रेश्मा म्हणाली.

"कधी?"

"आत्ता निघते."

दादा पाटावरून उठले. "घरात गणपती आहेत! दुपारचा नैवेद्य व्हायचाय. आणि दुसऱ्याचं मशीन? फुकटची धाव?"

"दादा, मी बोललेय. साऱ्या तालुक्याने ऐकलंय."

दादा आत गेले आणि पाने, हातोडी, रॉकेलची बाटली अशी त्यांची जुनी पेटी घेऊन आले. पेटी त्यांनी रेश्माच्या हातात दिली नाही, माझ्या हातात दिली. बाहेर पडताना रेश्माने शेजारच्या पोरांना हाताशी धरून शेडमधलं एक मशीन टेम्पोत चढवलं. "असू दे बरोबर," म्हणाली.

मांडवकरांच्या अंगणात सगळं कुळ जमलेलं होतं. अनंतभाऊजी, सुनंदाचे मिस्टर, धाकटा दीर, जावा, पोरं. मशीन ओट्याखाली ठेवलेलं. रेश्माने चहाला नको म्हटलं आणि सरळ खाली बसली. पात्याचा बोल्ट चिकाने असा दगड झाला होता, की पाना फिरेना. मुंबईकर सल्ले द्यायला लागले. धाकटा दीर एका वर्कशॉपमध्ये कामाला होता, तो म्हणाला, "असं नाही, उलटा फिरवा."

"भाऊ, तुम्ही जरा बॅटरी धरा. इकडे. अजून खाली. आता हलू नका," रेश्मा म्हणाली आणि तो जो बॅटरी धरून बसला तो शेवटपर्यंत तसाच. तिने रॉकेल सोडलं, थांबली, हलके ठोके मारले, पुन्हा थांबली. घाई केली नाही. बोल्ट कुरकुरत सुटला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पातं तासून तिने परत बसवलं, मूठभर बी घातली. मशीन चाललं. निम्मा गर अख्खा, निम्मा तुकडा.

"यापेक्षा हे जास्त देणार नाही," ती म्हणाली. "मशीनच तसं आहे. पण परत जाताना नेण्यापुरते गर निघतील."

मग तिने टेम्पोतलं स्वतःचं मशीन दाखवलं. कुणी मागितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही. पुरुषांनी उतरवलं. तीच बी त्यात घातली. अनंतभाऊजींनी खाली पडलेले गर ओंजळीत घेऊन एकेक बोटाने फिरवून बघितले. मग भावांकडे बघितलं, भावांनी त्यांच्याकडे बघितलं. आणि आता ठरणार असं मला वाटत असताना भाऊजी वळले आणि मखराशी वाती वळत बसलेल्या म्हातारीला म्हणाले, "आई, काय करायचं गो?"

मी मनात कपाळावर हात मारला. मुंबईलाही कुणाला तरी विचारायचं होतंच!

म्हातारीने वाती वळायच्या थांबवल्या नाहीत. "माका काय विचारतोस? हात कुणाचे जळतात? तिला विचार."

सगळ्यांनी सुनंदाकडे बघितलं. ती दारात परात घेऊन उभी होती.

"मी जूनपासून सांगतंय," सुनंदा म्हणाली. "तुम्ही आज विचारताय."

मग भाऊजी जरा खाकरले आणि रेश्माला म्हणाले, "कुठे बसवताय? शेडमध्ये पंख्याखाली बसवा. तिला वारा लागू दे."

मशीन बसवून आम्ही जेवून निघालो. टेम्पो रिकामा, त्यामुळे खड्ड्यांत जास्तच उडत होता. मी मांडीवर दादांची पेटी धरून मोबाईलमध्ये मंडणगडभोवतीचं वर्तुळ पुसत होते, तेवढ्यात दादांचा फोन आला. रेश्मा गाडी चालवत होती, म्हणून मी स्पीकरवर लावला.

"कुठे पोचलात?" दादांचा आवाज वेगळाच होता, कुजबुजल्यासारखा. "लांज्याहून एकजण आलाय. बायकोला घेऊन. सणाचं, न कळवता. मशीन चालवून बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणतो. तो फरशीवालासुद्धा पेढे घेऊन आला होता, त्याला म्हटलं, शेड मोकळी नाही, गर्दी आहे. पण रेश्मा..."

"काय दादा?"

"ते तुझं नवीन पातं. त्यात काय केलंयस ते मला कळत नाहीय. दोनदा बसवलं, दोनदा निसटलं. ती बाई बघतेय माझ्याकडे."

आयुष्यभर मशिनं बनवलेल्या माणसाने लेकीला असं विचारायला किती बळ गोळा केलं असेल! रेश्माने ओठ घट्ट मिटले, पण हसू डोळ्यांत आलंच. तिने गियर बदलला.

"हात लावू नका त्याला, दादा," ती म्हणाली. "त्या दोघांना मोदक वाढा. त्या बाईला अजून एक वाढा. मी येतेय."